गाडी थांबायची आणि कुणीतरी उतरून फाटक लावायचं

नमस्कार मंडळी. रेडिओ लावून हातातलं काम करत असाल तर करत राहा, माझ्याकडे पूर्ण लक्ष द्यायची गरज नाही, कारण आज ज्या गाड्यांबद्दल बोलायचंय त्यांनाही कधी कसली घाई नव्हती.

नॅरोगेज. दोन रुळांमधलं अंतर दोन फूट सहा इंच, म्हणजे घराच्या दाराची रुंदी असते ना, जेमतेम तेवढं. त्यावरून इंजिन, डबे, कापसाच्या गाठी, माणसं, सगळं चाललं, आणि एकदोन वर्षं नाही, शंभर वर्षं चाललं. यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे आपल्या विदर्भातली शकुंतला. मूर्तिजापूर मधे, एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, दोन्ही मिळून एकशे नव्वदएक किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मेन लाइनपर्यंत आणायचा, तिथून मुंबईला, असा सगळा हिशोब. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या गाडीला १९९४ पर्यंत होतं, मग डिझेल आलं. आणि गंमत म्हणजे रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाइन सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी नावाच्या खासगी कंपनीचीच राहिली, गाडी चालवायची मध्य रेल्वेने आणि मालकी दुसऱ्याची. पण लोकांना त्याचं काय पडलेलं नव्हतं, लोक विचारायचे "शकुंतला गेली का?", जशी काही शेजारची बाई बाजाराला गेली का असं विचारावं तसं.

दुसरी बार्शी लाइट. हिच्या मागचा माणूस भारी होता, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर. त्याचं म्हणणं, अरुंद रुळांवरून पण भरपूर माल जाऊ शकतो, फक्त वजन जास्त चाकांवर वाटून द्या, चाकांच्या जोडीला जोडणारा जो आस असतो त्या एका आसावर पाच टनांच्या वर भार नको, मग हलके स्वस्त रूळही पुरतात. १८९७ला बार्शी रोड, म्हणजे आत्ताचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. मग १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर, १९२७ला मिरज. आषाढीला वारकऱ्यांची इतकी गर्दी की माणसं मालाच्या डब्यातूनसुद्धा जायची. आणि हाच कॅलथ्रॉप पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायच्या मागे लागला, गार्डियन एंजल नाव होतं त्याचं. मला हे वाचल्यापासून फार आवडलंय, जमिनीवरून निवांत चालणारी गाडी केली आणि मग आभाळातून निवांत उतरायची सोय.

बरं, आता मी बघितलेलं सांगतो. शकुंतलेने मी एकदाच गेलोय, दारव्हा मोतीबागवरून. काय नाव आहे बघा स्टेशनचं, मोतीबाग! तर गाडी चांगली डुलत चालली होती, आणि एकदम माळावर थांबली. ना स्टेशन, ना सिग्नल. मी डोकं बाहेर काढून बघतो तर पुढे रस्ता आडवा जातोय, फाटक आहे पण फाटकवाला नाही. गाडीतलाच एक माणूस खाली उतरला, सावकाश चालत गेला, एका बाजूचं फाटक लावलं, दुसऱ्या बाजूचं लावलं, हात केला. गाडी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन परत थांबली. मग त्याने दोन्ही फाटकं उघडली, अडकलेल्या बैलगाडीवाल्याशी दोन शब्द बोलला, कोण आजारी होतं त्याची चौकशी केली असावी कारण बैलगाडीवाला मान हलवत होता, आणि मग चालत येऊन डब्यात चढला. डब्यात कुणी घड्याळ बघितलं नाही. एक म्हातारे बाबा तर माझ्याकडेच बघत होते, हा खिडकीतून एवढा काय बघतोय म्हणून.

आणि खरं सांगू का, त्यांचं बघणं मला लागलं थोडं. कारण त्या डब्यात मी एकटाच हौसेने बसलेलो होतो. बाकीच्यांना कुठेतरी जायचं होतं आणि एसटीपेक्षा गाडीचं तिकीट परवडायचं म्हणून ते बसले होते. ज्यांना एसटी परवडायची ते केव्हाच तिकडे गेले होते, ताशी वीसच्या आसपास चालणाऱ्या गाडीत कोण बसणार, आणि मलाही त्याच संध्याकाळी परत यायचं होतं तर मी काय केलं? एसटीने आलो! तेव्हा गाडी बंद पडली म्हणून आपण जे हळहळतो ना, मी पण हळहळतो, त्यात आपलाही हात आहे हे आधी कबूल करायला पाहिजे.

दौंड-बारामतीची नॅरोगेज ब्रॉडगेज झाली, म्हणजे रुंद रुळांची, बार्शी लाइटची सगळी लाइनही तशीच झाली. लातूरच्या माणसाला जाऊन विचारा नॅरोगेज हवी होती का, तो हसेल, रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईला उतरतो तो आता. तिथे रडायचं काही कारण नाही. पण यवतमाळ-मूर्तिजापूरला जुनी गाडी गेली आणि जागेवर दुसरी आली नाही. खानदेशातली पाचोरा-जामनेर, लोक तिला नुसतं पीजे म्हणायचे, ती कोरोनात थांबली ती थांबलीच, तिचंही आता ब्रॉडगेज व्हायचंय. हे दोन प्रकार वेगळे आहेत हो. एका ठिकाणी आठवण गेली, दुसरीकडे जायची सोयच गेली, आणि आपण दोन्हीला एकच उसासा टाकतो.

माझ्याकडे त्या दिवसाचं तिकीट आहे अजून, पुठ्ठ्याचं, छोटं, आगपेटीच्या झाकणापेक्षा बारीक. खिडकीतल्या माणसाने ते यंत्रात घालून खटक् केलं, तारखेचे आकडे कागदावर छापले नव्हते नीट, नुसते दाबले गेले होते. शाई तेव्हाच संपत आली असणार. आता उजेडात तिरकं धरलं तरच दिसतात.

परवा त्या भागातून जाणं झालं, एसटीनेच. जिथे ते फाटक होतं तिथे आता फाटकाचा खांब पण नाही, रुळांवरून डांबर ओढलंय, दोन्ही बाजूला बाभळी माजल्यात. गतिरोधक नाही, पाटी नाही. तरी ड्रायव्हरने गिअर बदलला, गाडी हळू केली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग घातली पुढे.