चिरेबंदी भिंती आणि वायफायचा फोन

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना घ्या, नाहीतर किनाऱ्यालगतचे मोठे हॉटेल घ्या. देखभालीचे काम पाहणारा माणूस तिथे आपल्या टेबलाशी क्वचितच सापडतो, आणि टेबलावरचा फोन मात्र वाजत राहतो. अशा माणसाच्या खिशात कार्यालयाच्याच वायफायवर चालणारा हँडसेट दिला, तर त्याचा एक्स्टेन्शन नंबर त्याच्याबरोबर फिरू लागतो. सिमकार्ड लागत नाही, आणि पत्र्याच्या छपराखाली मोबाइलची रेंज मिळो न मिळो, बोलणे चालू राहते. निदान विकणारे तरी तसे सांगतात.

बार्देशात एका जुन्या चिरेबंदी घरात थाटलेल्या हॉटेलात ही व्यवस्था मी स्वतः बसवली होती. लॅपटॉप घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरलो, वायफायच्या कांड्या सर्वत्र पूर्ण दिसल्या, आणि काम झाले असे मी समजलो. दुसऱ्याच दिवशी किचनमधून बोलत बोलत पुढच्या बाल्कांवाकडे, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीकडे, निघालेल्या आचाऱ्याचा कॉल वळणावर तुटला, आणि मग रोज त्याच वळणावर तुटू लागला.

चूक माझीच होती. लॅपटॉपवर पान उघडताना माहितीचे एखादे पॅकेट, म्हणजे छोटा तुकडा, हरवले, तर ते पुन्हा मागवता येते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बोलण्याचे तसे नाही. आवाज अंकांत बदलण्याच्या जी.७११ या रूढ पद्धतीत एका सेकंदाच्या आवाजाची साधारणतः ५० पॅकेटे होतात, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचे बोलणे असते, आणि उशिरा पोहोचलेले पॅकेट हे न पोहोचल्यातच जमा असते. शक्यतो एका दिशेने १५० मिलिसेकंदांहून अधिक विलंब होऊ नये, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्यापुढे दोघेही एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

त्या वळणावर हात-दीड हात जाडीची चिऱ्याची भिंत होती. ती आड येताच किचनमधल्या वायफाय पसरवणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा सिग्नल एकदम कोसळत असे, पण त्याला सोडून दुसरा कधी धरायचा हे हँडसेटच ठरवतो, आणि आमचा हँडसेट जुन्यालाच चिकटून बसत असे. सोडल्यावरही नव्या पॉइंटशी ओळख पटवण्याचा सगळा सोपस्कार पहिल्यापासून होई. हा सोपस्कार आटोपशीर करणारे ८०२.११ आर हे वायफायचे प्रमाणक २००८ सालीच आले आहे. मात्र ते हँडसेट आणि पॉइंट या दोघांनाही कळावे लागते.

घाईघाईत मी पॉइंटची शक्ती वाढवून पाहिली, तर प्रकरण अधिकच बिघडले: आचाऱ्याला पलीकडचे स्वच्छ ऐकू येई, पण त्याचा आवाज कोणालाच पोहोचेना, कारण चिमुकल्या हँडसेटला तेवढ्या जोराने उत्तर देता येत नव्हते. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११, आणि किचनमधला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गुरगुरत असतो. म्हणून बोलण्यासाठी ५ गिगाहर्ट्झ बरा, पण तो भिंतींपुढे लवकर हात टेकतो. तेव्हा पॉइंट अधिक, जवळजवळ आणि बेताच्या शक्तीचे लावावे लागतात. बोलणे चालू राहील अशा प्रत्येक जागी निदान उणे ६७ डीबीएम सिग्नल मिळावा (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका जोर अधिक), हा रूढ दंडक आहे, आणि तो लॅपटॉपने नव्हे, हातात हँडसेट धरून, चालत मोजावा.

आवाजाच्या पॅकेटांवर खूण करून त्यांना वायफायवर अग्रक्रम देण्याची सोय २००५ पासून आहे. मधल्या स्विचने, म्हणजे पॉइंटना तारेने नेटवर्कशी जोडणाऱ्या पेटीने, ती खूण पुसली, तर तिचा उपयोग निम्माच होतो.

पावसाळ्याचे तर विचारूच नका. वीज गेली की ज्या स्विचवरून पॉइंटना वीज मिळते तोच बंद पडतो, म्हणून त्याला यूपीएस हवा, आणि दारावरच्या रखवालदारापाशी तारेचा फोन हवाच.

शेवटी वळणाच्या कोनाड्यात एक जास्तीचा पॉइंट बसवला, सर्वांची शक्ती उतरवली, आणि मी स्वतः कॉलवर बोलत किचनपासून बाल्कांवापर्यंत सहा फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला आचारीबुवांनी हँडसेट मागून घेतला, कारण मासळीवाल्याला त्यांना फोन करायचा होता.