जखमीची पट्टी जखमीलाच

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले नायब सुभेदार.)

मंडळानं मला ‘मराठ्यांचं शौर्य’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, त्यावर बोलणारा आपल्या तालुक्यात घरटी एक सापडेल. माझी सगळी नोकरी नर्सिंग असिस्टंटची. लखनौला शिकलो, मग पलटणीमागं हिंडलो. गोळी लागल्यानंतरचं बोलू दे मला.

जवानाच्या खिशात एक फील्ड ड्रेसिंग असतं. जाड गादी आणि बांधायला लांब पट्टा. जोडीदार पडला तर त्याच्याच खिशातलं काढून त्याला बांधायचं, आपलं नाही. नव्या पोरांना हा चिक्कूपणा वाटतो. पण तुमची पट्टी संपली आणि पुढच्या मिनिटाला तुम्हीच आडवे झालात तर? मांडीची मोठी शीर तुटली की माणूस काही मिनिटांत जातो. डॉक्टर तिथं नसतो, मीही नसतो. शेजारचा असतो. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला जखमेच्या वर बांधायचा पट्टा, आवळला तर वेळ लिहून ठेवायची, कारण फार वेळ आवळलेला पाय वाचत नाही.

तिथून रेजिमेंटल एड पोस्ट. नाव मोठं, प्रत्यक्षात कधी धोंड्याचा आडोसा. पलटणीचा डॉक्टर आणि आम्ही दोघं-तिघं. रक्त थांबवायचं, श्वास मोकळा करायचा, मोडलेलं हाड बांधायचं, सलाईन लावायचं, चिठ्ठी लिहायची आणि पुढं पाठवायचं: फील्ड हॉस्पिटल, बेस हॉस्पिटल, कमांड हॉस्पिटल. हेलिकॉप्टर उतरलं तर काम लवकर होतं. ढग खाली आले की स्ट्रेचर आणि चार खांदे. भीमगडच्या रानातल्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी वेगळं काय सांगू?

आता शौर्याचंच हवं असेल तर हे घ्या. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनियो नदी. नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा. नदी ओलांडताना बरोबरचे जवळजवळ सगळे पडले. त्यानं दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, चढ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीमागं पोचवलं. मग परत जाऊन तीन मशीनगन गप्प केल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोष्ट सांगताना लोक मशीनगनपासून सुरू करतात. पण क्रम बघा: आधी जखमी.

त्याच्या तीस वर्षं आधी, 1915 ला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणलं. मोडलेल्या मांडीचा माणूस अशा गाडीत! आपल्या मराठा पलटणी होत्या त्या मोहिमेत. 1917 मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात या वैद्यकीय व्यवस्थेचे वाभाडे निघाले. अपंग सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज संस्थाही 1917 चीच. ती पुढं खडकीला आली. 1944 ला पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र झालं. मणक्याला मार लागून कमरेखाली लुळे पडलेल्यांसाठी खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक केंद्र आहे. इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर तर तुम्हाला माहीत आहेत. 1965 च्या युद्धात गोळ्या खाल्ल्या, आणि 1972 ला जर्मनीत पॅरालिंपिकचं पोहण्यातलं सुवर्णपदक आणलं. पण प्रत्येक जखमी पेटकर होणार नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा धरणं हाही एक छळच आहे.

मला जास्त काळजी असते ती पुढची. पोरगा गावी येतो. बेळगाव स्टेशनवर हार, ढोल, फोटो. आठव्या दिवशी घरात तो आणि आई.

एका घरी मी जात असे. गुडघ्याखाली पाय गेलेला. मला कुजबुजत म्हणाला, “मामा, जो पाय नाही त्याच्या अंगठ्याला खाज येतेय.” आईनं ऐकलं आणि देवऋषाकडं जायची तयारी केली. मी म्हटलं, “मावशी, हे वेड नाही आणि बाधाही नाही. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा गेलेली नाही.” तुटलेल्या भागाला पट्टी रोज घट्ट गुंडाळायची, म्हणजे सूज उतरून तो आकारात येतो. पहिल्या काही महिन्यांत तो आकसत जातो आणि नवा पाय सैल होतो. सैल झाला की पोरगं तो कोपऱ्यात उभा करून ठेवतं. घरचे म्हणतात, पाय दिला पण वापरत नाही. अहो, लागतो म्हणून वापरत नाही! रात्रीची गाडी पकडून पुण्याला न्या, सॉकेट, म्हणजे तुटलेला भाग ज्यात बसतो ती वाटी, बदलून मिळतं.

कमरेखाली लुळा असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा. त्याला दुखत नाही, म्हणून तो सांगणार नाही, आणि माकडहाडावर जखम पडते. गोळीतून वाचलेला माणूस गादीच्या जखमेनं आणि लघवीच्या इन्फेक्शननं गेलेला मी पाहिलाय. आणि संडास! आपले उकिडवं बसायचे संडास, दाराला उंबरा, अंगणात जून ते सप्टेंबर शेवाळ. व्हीलचेअर दिली सरकारनं, चालवायची कुठं? सत्काराच्या शालींचे पैसे जमवून एक रॅम्प आणि कमोड होतो की.

शेवटी कागद. हसू नका, कागद हा उपचाराचाच भाग आहे. जखम लढाईतली, ड्युटीवरची की सुट्टीतली, हे त्या वेळच्या इंज्युरी रिपोर्टवरून ठरतं. मेडिकल बोर्ड किती टक्के अपंगत्व धरतं त्यावर पेन्शन ठरते. लढाईतल्या जखमेची पेन्शन निराळी आणि जास्त. आपली अडचण अशी, की मिलिट्रीचे कागद इंग्रजी-हिंदीत, तालुक्याचे कन्नडमध्ये, आणि घरात वाचणारी वहिनी मराठी शाळेत शिकलेली. एका घरी बोर्डाचा कागद भाताच्या कणगीत पडून होता. अपिलाची मुदत निघून गेली, मग अर्ज-विनंत्यांत दोन वर्षं. एका कचेरीत तर मला सांगितलं, “दुसऱ्या भाषेत लिहून आणा.” आणलं लिहून. भांडायला सवड नव्हती.

म्हणून उद्या सकाळी दहाला मी देवळाच्या कट्ट्यावर बसतोय. ज्यांच्या घरात डिस्चार्ज बुक, बोर्डाचे कागद, पेन्शनची ऑर्डर असेल, त्यांनी घेऊन या. झेरॉक्स नको, मूळ आणा. चष्मा मी आणतो.