पोहेवाला कधी विचारत नाही, ‘आज काय करू?’

(इंदूरमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय दिलाय ‘रोजच्या स्वयंपाकाचा हुरूप आणायचा कुठून’. तो मी तीन भागांत मांडणार आहे: पाया, फोडणी आणि वरचं. पण आधी एक तक्रार नोंदवून घ्या. मराठीतला सगळ्यात निरुपयोगी शब्द कुठला? ‘काहीही’. संध्याकाळी सातला ओट्यापाशी उभं राहून विचारावं, ‘काय करू गं, काय करू रे?’ आतून उत्तर येतं, ‘काहीही कर.’ उपमा केला की, ‘उपमा? आत्ता? रात्री?’ म्हणजे मनात काहीतरी होतं आणि ते आपण ओळखायचं होतं. हसताय, पण हसणारे बहुतेक पुरुष आहेत. शेजारी बसलेल्या हसत नाहीयेत, हे घरी जाण्याआधी बघून ठेवा.

दमलेल्या माणसाला चिरण्या-परतण्याचा कंटाळा येतो, त्याच्या दुप्पट ठरवण्याचा येतो. मोबाइलवर हजार पाककृती असतात, त्यांनी ठरवणं आणखी अवघड होतं. सातला भूक लागलेली, डाळ भिजलेली नाही, आणि समोर कुणीतरी पनीर तळतंय.

आता आपल्याच गावात बघा. ‘छप्पन दुकान’च्या खाऊबाजारात, राजवाड्यापाशी, गल्लीच्या तोंडावर पोहेवाला उभा असतो. ‘आज काय करू’ हा प्रश्न त्याला पडतच नाही. रोज पोहे, तेच पोहे, आणि समोर रांग. कारण तो पाया हलवत नाही, वरचं हलवतो: शेव, जिरावणाचा आंबट-तिखट मसाला, कच्चा कांदा, लिंबू, कुठे डाळिंबाचे दाणे. पुण्याचा पाहुणा पहिल्या घासाला विचारतो, ‘कांदा परतला नाही का?’ नाही परतला. शांतपणे खा.

हे घरी करताना बिघडतं कुठे, तेही बघू. चौघांना ३ वाट्या जाडे पोहे. ताटात पाणी घालून भिजवले की लगदा ठरलेला. चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा धुवायचे आणि १० मिनिटं निथळत ठेवायचे. दाणा दोन बोटांत दाबला की मोडला पाहिजे, पण चिकटायला नको. मीठ, साखर, हळद याच वेळी हातानं लावा, कढईत घातली की हळदीचे डाग पडतात. तेलात मोहरी, बडीशेप, थोडे अख्खे धणे, हिरवी मिरची एवढीच फोडणी. ती मिसळायची आणि पोहे वाफेवर ठेवायचे: पातेल्यात दोन बोटं उकळतं पाणी, वर चाळणी, ५ ते ७ मिनिटं. झाकणाला फडकं बांधा. नाहीतर झाकणाचं पाणी थेंब थेंब पडतं आणि मधोमध गोळा होतो. मग दोष पोह्यांना.

जिरावणाची पुडी विकत मिळते, मान्य. पण घरचं करून ठेवा, कारण माझ्या मते महिनाभराचा अर्धा हुरूप त्या बरणीत असतो. ४ चमचे धणे, ३ चमचे जिरे, २ चमचे बडीशेप, ४ सुक्या मिरच्या, ५-६ लवंगा, बोटभर दालचिनी, एक तमालपत्र. मंद आचेवर कोरडंच भाजायचं, रंग बदलायच्या आत उतरवायचं. पूर्ण गार झाल्यावर दळायचं. गरम दळलं तर वाफ धरते आणि गुठळ्या होतात. आमचूर २ चमचे, काळं मीठ दीड, सुंठ अर्धा, हिंग पाव, हे सगळं दळल्यानंतर. काळं मीठ ओल ओढतं, म्हणून बरणीत ओला चमचा घालायचा नाही. काकडीवर, उकडलेल्या बटाट्यावर, ताकात, दहीभातावर, कालच्या पोळीच्या चिवड्यावर, कुठेही चालतं. थंडीत गराडूच्या तळलेल्या कंदावर तर बोलायलाच नको. म्हणजे मी बोलीन, पण चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं म्हणतायत. बरं.

तर मुख्य मुद्दा. पाया दोनच धरा.

पहिला, घट्ट वरण. १ वाटी तूरडाळ, ३ वाट्या पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल म्हणजे फेस वर येत नाही. चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावरच, आंबटात ती नीट शिजत नाही. आज तूप-लिंबू, उद्या गोडा मसाला आणि चिंचगुळाची आमटी, परवा लसूण-लाल मिरचीची फोडणी. उरलं तर पातळ करून त्यात कणकेच्या चकोल्या सोडा. फ्रीजमध्ये दोन दिवस, त्याहून जास्त नको.

दुसरा, मोड आलेली मटकी. १ वाटी रात्री भिजत, सकाळी पूर्ण निथळून फडक्यात. फडकं ओलं हवं, ठिबकतं नको. पाणी राहिलं की मटकी चिकट होऊन वास येतो, फडकं वाळलं की मोड थांबतात. उन्हाळ्यात १२ तासांत मोड येतात, मालव्याच्या डिसेंबरात दुप्पट वेळ धरा, गाठोडं झाकणाच्या डब्यात ठेवा. एका वाटीची अडीच वाट्या होते: एक दिवस उसळ, एक दिवस मसालेभातात, उरलेली मूठभर वाफवून कांदा-लिंबू-जिरावण घालून.

फोडणीचं... राहू दे, पुढच्या वेळी.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. ‘काय करू’ असं विचारूच नका. ‘उसळ की आमटी?’ असं दोनातलं एक विचारा, तेही दुपारचं जेवण झाल्यावर, भरल्या पोटी. तेव्हा कुणी ‘काहीही’ म्हणालं, तर उद्याची मटकी निवडायला त्यालाच बसवा.

हो, उठतो. मागच्या खुर्च्या आवरायला घेतल्यायत, दिसतंय मला. मटकी घरात असेल तर आज झोपण्याआधी वाटीभर भिजत घाला.