उघडणं सोपं, सैल करणं अवघड

(दृश्य: दिव्याच्या झोतात मांडलेला रिट्रॅक्टरचा संच. लांब-आखूड पाती एका ओळीत.)

मणक्यावर शस्त्रक्रिया करायची तर आधी मणक्यापर्यंत पोचायला हवं. वाटेत त्वचा, चरबी आणि कण्याला दोन्ही बाजूंनी बिलगलेले जाडजूड स्नायू. हे सगळं बाजूला सारून आतली इवलीशी जागा तासन्‌तास उघडी ठेवायची, हे काम रिट्रॅक्टरचं. हाताने धरायचा रिट्रॅक्टर असेल तर मदतनीसाचा हात अवघडतो, हलतो. म्हणून स्वतःच अडकून राहणारे रिट्रॅक्टर आले.

(दृश्य: दातेरी पट्टी, अगदी जवळून.)

हे दाते नीट पाहा. एका बाजूने तिरके, दुसऱ्या बाजूने उभे. खटका तिरक्या बाजूवरून टकटक करत पुढे सरकतो आणि उभ्या बाजूला अडतो. पाती उघडत जातात, आपोआप मिटत नाहीत. काम झटपट होतं. पण दोन दात्यांच्या मधलं अंतर हवं असेल तर ते मिळत नाही. शिवाय ताणलेले स्नायू पात्यांना आत ढकलत असतात. अशा वेळी खटका उचलला की पाती झटक्यात आत येतात. मज्जातंतू काही मिलिमीटरवर असताना हा झटका कुणाला परवडेल?

यावर उपाय स्क्रूचा. जेवढा फिरवाल तेवढंच पातं हलतं, पुढेही आणि मागेही. वेळ मात्र जातो. म्हणून काही रचनांमध्ये उघडायला दाते असतात आणि पात्याचा कोन बदलायला स्क्रू. पात्याचं टोक बाहेर झुकवलं की त्वचेवरचा छेद तेवढाच राहतो आणि तळाशी जागा वाढते.

रिट्रॅक्टर किती उघडतो याचंच कौतुक जास्त होतं. आमच्या मते खरा कस लागतो तो सैल करताना. दाबलेल्या स्नायूतला रक्तपुरवठा कमी होतो आणि दाब फार वेळ राहिला तर स्नायूला इजा होते. म्हणून अनेक सर्जन मधूनमधून पाती सैल करतात. ते करताना सगळी मांडणीच हलणार असेल, तर कोण सैल करेल?

मानेत पुढून जाताना पात्यांच्या शेजारी अन्ननलिका, श्वासनलिका आणि आवाजाची नस असते. तिथे पाती मणक्यांलगतच्या स्नायूच्या कडेखाली बसवतात. पाती लागल्यावर काही भूलतज्ज्ञ भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या श्वासाच्या नळीचा फुगा क्षणभर रिकामा करून पुन्हा भरतात, म्हणजे नळी नव्या जागेत नीट बसते.

(दृश्य: एकात एक बसणाऱ्या नळ्या.)

१९९७ मध्ये केविन फोली आणि मॉरिस स्मिथ या सर्जननी नळीतून मणक्यांमधली चकती काढण्याची पद्धत मांडली. आधी बारीक नळी, तिच्यावरून थोडी जाड, मग आणखी जाड. स्नायू हाडापासून सोलायचा नाही, त्याचे तंतू फक्त बाजूला सारायचे. शेवटची नळी टेबलाला जोडलेल्या लवचीक हातावर घट्ट बसते. पुढे मिटून आत जाणाऱ्या आणि तळाशी पसरणाऱ्या नळ्याही आल्या.

आता पात्याकडे. लठ्ठ रुग्णाला लांब पातं लागतं, आणि तिथेच गणित नडतं. जोर तोच ठेवून लांबी दुप्पट केली की टोक आठपट वाकतं. जाडी निम्मी केली तरी आठपट. त्यात स्टील क्ष-किरण अडवतं. नेमका मणका कोणता हे क्ष-किरणात बघायचं असतं, आणि तिथे पात्याचीच सावली पडते. अ‍ॅल्युमिनियममधून किरण बऱ्यापैकी आरपार जातात, पण त्याचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. मग पातं जाड करा, म्हणजे जागा गेली. कार्बन फायबर मिसळलेलं प्लास्टिक हा आणखी एक मार्ग.

पृष्ठभागही चकचकीत नको. सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर प्रकाशात चकाकणारं पातं डोळ्यांवर येतं, म्हणून ते मंद केलेलं असतं.

(दृश्य: ब्रशने घासली जाणारी बिजागरी.)

प्रत्येक नवी बिजागरी म्हणजे रक्त अडकायला नवी फट. निर्जंतुक करणाऱ्या १३४ अंशांच्या वाफेआधी ती फट घासून स्वच्छ व्हायलाच हवी, म्हणून जोडणी हाताने सुटी करता यावी लागते. पण सुटे होणारे बारीक स्क्रू जखमेत पडले तर? म्हणून चांगल्या रचनेत स्क्रू सैल होतो, पण आपल्या जागेतून पूर्ण बाहेर येतच नाही.