लुकास क्योलर: परवाना, किंमत आणि पाच टक्के

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत हवामानबदलाचा विषय निघाला की आधी ग्रीन पक्ष आठवतो. आज मी बोलणार आहे ते मात्र उदारमतवादी एफडीपी पक्षाच्या लुकास क्योलर यांच्याविषयी. जन्म १९८६चा, म्युनिकचा. शिकले तत्त्वज्ञान, डॉक्टरेटही त्यातलीच. पर्यावरण आणि नीतिशास्त्र यांवर काम करणारं म्युनिकमधलं एक केंद्र सांभाळता सांभाळता ते २०१७मध्ये बुंडेस्टागात, म्हणजे जर्मन संसदेत निवडून आले आणि पक्षाचे हवामानविषयक प्रवक्ते झाले.

त्यांचं म्हणणं असं: कुणी कोणतं यंत्र वापरायचं ते सरकारनं सांगू नये. एकूण कार्बन किती सोडायचा तेवढं ठरवावं, तितकेच परवाने काढावेत आणि ते दरवर्षी घटवत न्यावेत, म्हणजे कार्बन सोडणं आपोआप महाग होत जाईल. रेशनच म्हणा, फक्त उरलेली कुपनं विकायची मुभा असलेलं. युरोपातली वीजकेंद्रं आणि मोठे कारखाने २००५पासून याच नियमानं चालतात, त्यामुळे कल्पना हवेतली नाही.

२०२१च्या अखेरीस एफडीपी आघाडी सरकारात सामील होऊन सत्तेत आली आणि क्योलर संसदीय गटाचे उपनेते झाले. खरी कसोटी इथेच लागली. युक्रेन युद्धानं इंधन भडकलं तेव्हा, २०२२च्या उन्हाळ्यात, सरकारनं तीन महिने पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी केला. आग्रह कुणाचा? एफडीपीच्याच अर्थमंत्र्यांचा. भाव वाढला की लोक इंधन जपून वापरतील, हे सांगणारा पक्ष तो हाच!

२०२४मध्ये हवामान कायदा बदलला. आधी वाहतूक, इमारती अशा प्रत्येक क्षेत्राला वर्षाचं बंधनकारक लक्ष्य होतं आणि ते चुकलं की त्या मंत्र्याला तातडीचा कार्यक्रम द्यावा लागे. आता सगळ्यांचा हिशोब एकत्र. क्योलर यांच्या विचाराला हे धरूनच आहे, कार्बन कुठून कमी झाला यानं वातावरणाला काय फरक पडतो? पण सतत मागे पडणारं वाहतूक खातं होतं एफडीपीच्याच मंत्र्याकडे. मला विचाराल तर तर्क बरोबर होता, आणि सोयीचाही होता.

नोव्हेंबर २०२४मध्ये आघाडी मोडली. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत एफडीपीला ४.३ टक्के मतं पडली. संसदेत जागा मिळायला साधारणपणे लागणारा पाच टक्क्यांचा उंबरठा चुकला आणि क्योलर यांच्यासह सगळेच बाहेर. २०४५पर्यंत कार्बन-तटस्थ व्हायचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषूनही घ्यायचं लक्ष्य कायद्यात कायम आहे. पेट्रोल आणि घरं उबदार ठेवायच्या इंधनालाही परवान्यांचा नियम लावायचं युरोपीय संघानं ठरवलंय. वाढलेल्या भावाची बाजू लोकांपुढे मांडायला सध्याच्या बुंडेस्टागात या पक्षाचा एकही खासदार नाही.

नमस्कार.