काउंटच्या हातातले वेळापत्रक

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या एका लहानशा प्रसंगापासून आज सुरुवात करायची आहे. जोनाथन हार्कर हा तरुण इंग्रज वकील घरखरेदीच्या कागदपत्रांसाठी ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका डोंगरी गढीत उतरला आहे. एका संध्याकाळी तो ग्रंथालयात शिरतो, तेव्हा त्याचा यजमान, मेल्यानंतरही माणसांचे रक्त पिऊन जगणारा उमराव काउंट ड्रॅक्युला, कोचावर पहुडून वाचत असतो, आणि त्याच्या हातात असते ते इंग्लंडमधल्या आगगाड्यांचे वेळापत्रक, ‘ब्रॅडशॉ’. भोवतालच्या फडताळांत इंग्लंडचा इतिहास, भूगोल, अर्थकारण, कायदा आणि चालीरीती यांवरची पुस्तके भरलेली आहेत. काउंट हार्करला विनंती करतो की माझ्या इंग्रजीत चूक झाली तर ती दाखवून द्या. आपल्या मुलखात मला सगळे ओळखतात, पण परक्या देशात परक्या माणसाला काहीच किंमत नसते. मला पाहून कोणी थबकू नये, माझे उच्चार ऐकून कोणी ‘हा परका’ म्हणू नये, एवढीच माझी इच्छा आहे, अशा अर्थाचे तो बोलतो.

वाचकांच्या लक्षात राहतात ते सुळे, वटवाघळे आणि मातीने भरलेल्या पेट्या. मला मात्र या कादंबरीतली सर्वांत भयंकर वस्तू ते वेळापत्रक वाटते. परका माणूस परका दिसतो तोवर त्याला वेशीवर अडवता येते. तो आपली भाषा शिकला, आपल्या गाड्यांच्या वेळा पाठ करू लागला, रीतसर दस्तऐवज करून आपल्या शेजारचे घर विकत घेऊ लागला, की त्याला अडवायचे कशाच्या आधारावर, ही धास्ती या कादंबरीच्या पानोपानी भरून राहिली आहे.

आणि तरीही, ज्या लोकांच्या समजुतींतून हा रक्तपिपासू जन्माला आला, त्यांच्या लेखी तो परका नव्हताच. १७२५ साली सर्बियातल्या किसिलयेवो या गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मरण पावला. तो मुलूख तेव्हा हाब्सबर्ग सम्राटाच्या ताब्यात होता, म्हणून पुढे जे घडले त्याचा अहवाल सम्राटाच्या एका अधिकाऱ्याने लिहिला आणि तो व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. पेतारला पुरून सुमारे दहा आठवडे झाल्यावर आठ दिवसांत गावात नऊ माणसे दगावली, आणि मरण्यापूर्वी त्यांनी सांगितले की पेतार रात्री येऊन आमचा गळा दाबतो. त्याच्या बायकोने सांगितले की तो घरी आला आणि त्याने आपले ‘ओपांत्सी’, म्हणजे चामडी पायताण, मागितले. गावकऱ्यांनी थडगे उकरले, प्रेताच्या तोंडाशी ताजे दिसणारे रक्त पाहिले, छातीतून खुंटा ठोकला आणि देह जाळून टाकला. कुजणाऱ्या प्रेताच्या पोटात वायू साचून तोंडातून रक्तासारखा द्रव बाहेर येतो हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या माणसांच्या डोळ्यांसमोर मात्र एकामागून एक दगावणारी घरची माणसे होती.

पायताण मागणाऱ्या त्या नवऱ्यापाशी मी नेहमी थांबतो. त्याला कोणाचे राज्य नको आहे, कोणाचे शहर नको आहे. तो आपल्याच घरी आपलीच वस्तू मागायला आला आहे. आपल्याकडे वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाच्या, म्हणजे वेताळाच्या, देवळात भाविक मोठाल्या चामडी चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना वेताळाला सरळ ‘व्हँपायर’ म्हटले. ज्याच्या भरवशावर कोकणातली गावे निजतात, तो इंग्रजी वाचकाच्या हाती रक्तपिपासू होऊन पोहोचला.

किसिलयेवोच्या शेतकऱ्याचा काउंट व्हायला पावणेदोनशे वर्षे लागली. १८१९ साली इंग्रज कवी बायरनचे डॉक्टर जॉन पोलिडोरी यांच्या कथेत तो लंडनच्या मेजवान्यांत वावरणारा उमराव झाला, १८७०च्या दशकाच्या आरंभी शेरिडन ले फानू यांच्या ‘कार्मिला’त अपघाताच्या निमित्ताने घरात आसरा मिळालेली पाहुणी झाला, आणि स्टोकर यांच्या हाती तो पूर्वेकडून जहाजाने येणारा परदेशी झाला. स्टोकर स्वतः डब्लिनचे, लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक. ट्रान्सिल्व्हेनियात ते कधीही गेले नाहीत. १८९०च्या उन्हाळ्यात व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी मुक्कामाला असताना तिथल्या वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात त्यांना ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडले, आणि काउंटचे जहाज त्यांनी त्याच व्हिटबीच्या किनाऱ्याला आणून लावले.

जहाजातून काउंटला निजायला लागणाऱ्या, त्याच्या मुलखातल्या मातीच्या पन्नास पेट्या उतरतात आणि मग काउंट त्या लंडनभर विखरून ठेवतो. त्यांतल्या सहा पेट्या कुठे जातात, तर माइल एंड भागातल्या चिकसँड स्ट्रीटवरच्या एका घरात. हा पत्ता सहज पुढे सरकून जाण्यासारखा नाही. १८८१नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि जीव वाचवून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांनी लंडनच्या पूर्व भागात, नेमक्या याच गल्ल्यांत, बिऱ्हाडे थाटली. शिंपीकाम, पादत्राणे, टोप्या शिवणे यांवर ती गुजराण करत होती. ‘हे लोक रोग आणतात, रोजगार खातात, एका खोलीत दहा-दहा जण राहतात’ अशी ओरड तेव्हा लंडनमध्ये चालूच होती. स्टोकर यांनी काउंटच्या चेहऱ्याला गरुडासारखे नाक आणि दाट जुळलेल्या भुवया दिल्या आहेत, त्याला गुन्हेगारी जातकुळीचा म्हटले आहे, आणि कादंबरीच्या शेवटाकडे येणाऱ्या एका ज्यू व्यापाऱ्याच्या नाकाला मेंढीच्या नाकाची उपमा दिली आहे. त्यांच्या मनात काय होते याचा निवाडा मी करणार नाही. पण तेव्हाच्या वाचकाला ही खूण ओळखायला कष्ट पडले नसतील. कादंबरीनंतर आठच वर्षांनी, १९०५ साली, ब्रिटिश संसदेने परकीयांच्या प्रवेशावर बंधने घालणारा कायदा केला.

आता याच कादंबरीतला एक नियम पाहा. घरातल्या कोणी ‘या’ म्हटल्याखेरीज हा रक्तपिपासू प्रथम त्या घरात पाऊल टाकू शकत नाही. ‘ड्रॅक्युला’ लंडनमध्ये बाहेर पडली ती १८९७च्या मे महिन्यात. त्याच वर्षी मार्चपासून पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सैनिक वाड्यावाड्यांत, पार स्वयंपाकघरापर्यंत आणि देवघरापर्यंत शिरत होते, आणि त्यांना कोणीही ‘या’ म्हटलेले नव्हते. त्या संतापातून २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. स्टोकर यांना पुण्याची कल्पना असेल असे मी सुचवत नाही. कादंबरी त्याआधीच लिहून झाली होती. पण दूरच्या मुलखाचा नकाशा अभ्यासायचा, तिथली भाषा आणि कायदा शिकायचा, एक घर घ्यायचे, मग वखारी वाढवायच्या आणि शेवटी तिथल्या माणसांच्या रक्तावर जगायचे, हा क्रम मराठी वाचकाने कुठेतरी वाचलेला असतो. काउंट लंडनमध्ये जे करतो, ते लंडनने जगभर करून झाले होते, आणि ते उलटून आपल्या दारी येईल ही भीती त्या काळच्या इंग्रजी मनात होती, असे काही अभ्यासकांनी म्हटले आहे. मला ते पटते.

काउंटची बाजू मात्र आपल्याला कधीच कळत नाही. ही कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि ध्वनिमुद्रणे यांची बनलेली आहे, आणि तिच्यात बोलतात ते जवळजवळ सगळे त्याचे शत्रू. त्याची म्हणून उरतात ती दोन-चार पत्रे आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतलेली वाक्ये.

म्हणूनच मला त्याच्या ऐंशी वर्षे आधीच्या, १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’कडे परत जावेसे वाटते, कारण मेरी शेली यांनी आपल्या राक्षसाला स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगू दिली. निर्मात्याने टाकून दिलेला हा नामहीन जीव एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो आणि फळ्यांच्या फटीतून त्यांचे जगणे पाहतो. त्या घरात एक दिवस साफी नावाची तरुणी येते, एका तुर्की व्यापाऱ्याची मुलगी. तिला त्यांची भाषा येत नाही. घरातला मुलगा फेलिक्स तिला शिकवायला बसतो, आणि भिंतीपलीकडे तो जीवही तेच धडे गिरवतो. आपण तिच्यापेक्षा लवकर शिकलो, हे तो अभिमानाने सांगतो. एकदा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची कशी वाताहत झाली ते वाचले जाते, तेव्हा घरात साफीच्या आणि खोपटात त्याच्या डोळ्यांत पाणी येते.

बरेच महिने धीर गोळा करून तो शेवटी दार ठोठावतो. घरात फक्त आंधळा म्हातारा असतो. म्हातारा त्याला आत घेतो, शेकोटीजवळ बसवतो आणि त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्याला फक्त आवाज ऐकू येतो आहे आणि तो आवाज शुद्ध भाषेत बोलतो आहे. तेवढ्यात बाहेर गेलेली मंडळी परततात. फेलिक्स काठीने त्याला झोडपू लागतो. आणि ज्या साफीबरोबर त्याने धडे गिरवले, ती त्याला पाहताच घरातून बाहेर पळत सुटते.