उशिरा कापलेल्या गवताचा गॅस

जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं उडून गेली, फुलझाडांनी बी धरलं, की मगच संरक्षित कुरणात कापणी सुरू होते. यंत्र मधून कडेकडे फिरवायचं, म्हणजे लपलेल्या जीवांना बाहेर पडायला वाट राहते. पातं जमिनीपासून दहा सेंटीमीटर वर. त्याखाली गेलं तर गवताबरोबर माती आणि दगडही येतात, आणि ते पुढे, या गवतापासून गॅस करतात त्या बायोगॅसच्या टाकीच्या तळाशी साचतात.

कापलेलं गवत उचलावंच लागतं. तिथंच कुजलं तर जमिनीचा कस वाढतो, दांडगी गवतं माजतात आणि नाजूक फुलझाडं त्यांच्याखाली दबून जातात.

पण तोवर गवत जून झालेलं असतं. ही काडी वाकवून पाहा... कडकन मोडली. हे लिग्निन, काडीला कडकपणा देणारं द्रव्य. ते जिवाणूंना पचत नाही, आणि त्यात गुरफटलेला सेल्युलोज, म्हणजे गवतातला पचण्याजोगा धागाही त्यांच्या हाती लागत नाही. कोवळ्या गवताच्या एक किलो सेंद्रिय पदार्थातून साधारण ३०० ते ४०० लिटर मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू मिळतो. जून गवतातून बराच कमी, कधी निम्माच.

मुरघास करताना, म्हणजे गवत हवाबंद साठवतानाही ते त्रास देतं. कोरडं असल्यामुळे ते दबत नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. म्हणून बारीक कुट्टी करून, पातळ थर देत, प्रत्येक थर तुडवूनच पुढचा टाकायचा.

आता टाकीत डोकावू. वर तरंगतोय तो काड्यांचा जाड थर, गोधडीसारखा. खाली गॅसचे बुडबुडे अडकलेत, आणि लांब धागे ढवळणीच्या दांड्याला गुंडाळले गेलेत. कुट्टी एक-दोन सेंटीमीटरची असती, तर ही वेळ आली नसती. सोबत शेणकाला, म्हणजे शेण-पाण्याचं मिश्रण हवंच. त्यातून जिवाणू, नत्र आणि निकेल-कोबाल्टसारखी सूक्ष्मद्रव्यं मिळतात. ती कमी पडली की आम्लं साचतात, सामू (पीएच) घसरतो, गॅस मंदावतो. अशा वेळी आधी गवत घालणं थांबवायचं. टाकीचं तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस. गवताचा टाकीत मुक्काम दोन महिने तरी.

आमच्या मते अशा गवताला बंद खोलीतली कोरडी पद्धत जास्त मानवते. आधीच्या फेरीतलं कुजलेलं गवत ताज्यात मिसळायचं, दार घट्ट लावायचं, वरून जिवाणूंनी भरलेलं पाणी शिंपडत राहायचं. ढवळणी नाही, म्हणून गुंडाळणंही नाही. मात्र ढीग फार दाबला तर पाणी झिरपत नाही आणि मधला भाग तसाच राहतो. दार उघडण्याआधी आतला मिथेन पूर्ण बाहेर काढायलाच हवा. हवेत तो ५ ते १५ टक्के असला, तर एक ठिणगी पुरते.

गॅस निघाल्यावर उरलेलं खत पिकांच्या शेतात जातं, कुरणात परत कधीच नाही.